तीन पिढ्या, एक जहाज

जुलै १८९१. विलायतेहून बॅरिस्टर होऊन बोटीने मुंबईत उतरलेल्या एका तरुणाला त्याच्या थोरल्या भावाने थेट राजकोटला न नेता आधी नाशिकला आणले. समुद्र ओलांडल्याबद्दल ज्ञातीतला एक गट रुष्ट होता. त्याच्या समाधानासाठी तरुणाला गोदावरीत स्नान घडवण्यात आले. तो तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. ही हकिकत त्यांनी आपल्या आत्मकथेत नोंदवली आहे.

समुद्रप्रवासानंतर शुद्ध होण्यासाठी ज्या नाशिकला यावे लागे, त्याच नाशिकमधून आज आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे असा सारा परिवार क्रूझच्या सफरीचे बेत आखत असतो. जाहिरातीत डेकवर हसणारे कुटुंब दिसते, भाड्याचा आकडा दिसतो. पण तीन पिढ्यांना एकत्र नेताना नेमका कशाचा विचार करायचा, हे मात्र तिथे सापडत नाही.

जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण

जुन्या पिढीला बोट ठाऊक आहे ती भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि पणजीला जाणारी. ते वाहन होते. गाव आले की उतरायचे. क्रूझचे तसे नाही. येथे जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असते आणि वाटेतली बंदरे ही तोंडी लावण्यापुरती.

मुंबईहून अशा सफरींचे प्रयत्न बरेच झाले. २०१८ मध्ये गोव्यासाठी ‘आंग्रिया’ आणि २०१९ मध्ये ‘कर्णिका’ हे जहाज सुरू झाले. कोविडच्या साथीत दोन्ही थांबले. सप्टेंबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीच्या सहकार्याने ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाच्या फेऱ्या मुंबईहून सुरू झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथे नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.

जहाजांच्या आकारात मोठी तफावत असते. ‘एम्प्रेस’ १९९० सालचे, सुमारे ४८ हजार टनांचे. तर जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २ लाख ४८ हजार टनांचे. येथे ‘टन’ म्हणजे वजन नव्हे. जहाजाच्या आतील एकूण जागेचे ते माप आहे. मोठ्या जहाजावर करमणूक अधिक, पण चालणेही अधिक. ३६५ मीटर लांबीच्या जहाजावर खोलीतून भोजनगृहापर्यंत जाणे ही गुडघेदुखीच्या आजोबांसाठी एक छोटी यात्राच ठरते. ज्येष्ठ बरोबर असतील तर मध्यम आकाराचे जहाज आणि दोन-तीन रात्रींची सफर ही पहिल्या अनुभवाला पुरेशी.

सर्वांना का मानवते?

नेहमीच्या सहलीत कुटुंबाचा वेग सर्वांत मंद माणसाच्या पावलावर ठरतो. रोज नवे हॉटेल, रोज बॅगा भरणे. गडावर नातू पुढे धावतो, आजोबा पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसतात. देवळाच्या रांगेत आजी रमते, नात कंटाळते. जहाजावर सामान एकदाच उघडायचे असते. आजोबांनी डेकवरच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचावे, मुलांनी तरणतलावात डुंबावे, सुनेने नाटक पाहावे आणि रात्री सर्वांनी एका टेबलावर जेवावे, हे येथे सहज घडते. एकत्र असूनही एकमेकांना बांधून न ठेवणे, हे या सफरीचे खरे बलस्थान.

मात्र ते आपोआप लाभत नाही. अनेक कुटुंबांत आजीला ‘विश्रांतीसाठी’ नेले जाते आणि प्रत्यक्षात धाकट्या नातवाला सांभाळत ती दिवसभर खोलीत बसून राहते. मुलांसाठीच्या क्लबमध्ये बहुतेक कंपन्या साधारण तीन वर्षांवरील मुलांनाच घेतात. त्याहून लहान मूल असेल तर कोणी केव्हा सांभाळायचे, हे घरीच ठरवावे. खर्च कोण करणार, हेही आधीच स्पष्ट असावे. नंतर जहाजावरच्या बिलावरून कुजबुज होणे सर्वांत वाईट.

खोल्यांचे गणित

खोल्या मुख्यतः तीन प्रकारच्या : खिडकी नसलेली आतली, खिडकीची आणि बाल्कनीची. भाडे माणशी सांगितले जाते, पण ते एका खोलीत दोघे राहतील असे धरून. त्याच खोलीतील तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला बहुधा कमी दर पडतो. मात्र त्यांचे बिछाने वरच्या बाजूला, शिडीने चढायचे असतात. ते नातवंडांना आनंदाचे, आजोबांना अशक्य. म्हणून सहा जणांसाठी दोन खोल्या घेताना आजी-आजोबांची खोली स्वतंत्र आणि शेजारची असावी. ती लिफ्टजवळ, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

जाहिरातीतील रकमेवर बंदर-शुल्क, कर आणि सेवकवर्गाची बक्षिसी वेगळी पडू शकते. पेये, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचाही हिशेब बहुधा निराळा असतो. एकूण आकडा आणि रद्द केल्यास परतावा किती, हे लेखी मागावे.

प्रकृती, पथ्य आणि ‘बोट लागणे’

सर्वांत मोठी धास्ती असते ती बोट लागण्याची. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात, त्यामुळे डुलणे बरेच कमी होते. नाहीसे मात्र होत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईहूनच्या सफरीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उलटीवरील गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते. परंतु रक्तदाबाची, हृदयाची किंवा अन्य औषधे चालू असलेल्या ज्येष्ठांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे शुल्क वेगळे आणि जड असते. शस्त्रक्रियेसारखी वेळ आली तर किनारा गाठावाच लागतो. म्हणून समुद्रप्रवासाला लागू असलेला विमा घ्यावा. नेहमीची औषधे चार दिवस जास्तीची आणि हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला काही तास लागतात. गर्भवती स्त्रियांना २४ व्या आठवड्यापासून आणि सहा महिन्यांखालील बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

लक्षद्वीपची सफर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोठे जहाज तेथे धक्क्याला लागत नाही. समुद्रातच छोट्या होडीत उतरावे लागते. गुडघे साथ देत नसतील तर तो दिवस जहाजावरच घालवणे शहाणपणाचे.

जेवणाचे फारसे अडत नाही. येथील जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळते. परदेशी जहाजांवर तशी नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी लागते. आजीच्या एकादशीला फळे आणि दूध असतेच. घरी शिजवलेले पदार्थ मात्र सहसा नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा काही कंपन्या चालवून घेतात. विजेची किटली आणि इस्त्री यांनाही बंदी असते.

भीती आणि कवायत

मराठी माणसाच्या मनातून ‘रामदास’ बोट गेलेली नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. घरातील एखादी आजी आजही त्या आठवणीने नकार देते. त्या नकाराची थट्टा करू नये. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळले, तेव्हा अनेक प्रवाशांची सुरक्षा-कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. ती टाळू नये. आपले जमण्याचे ठिकाण कोणते, हे नातवापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाला ठाऊक हवे. भर समुद्रात मोबाइलचे टॉवर नसतात, म्हणून चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे तेही ठरवून ठेवावे.

नाशिक ते धक्का

जहाज कोणासाठी थांबत नाही. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते आणि बॅलार्ड पिअर तेथून जवळ आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्याने मोटारीने जाणाऱ्यांचा कसारा घाटही टळतो. तरीही ज्येष्ठ बरोबर असतील तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

देशांतर्गत सफरीला छायाचित्राचे ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, तो कोण काढणार हे विचारून घ्यावे. सिंगापूरसारख्या ठिकाणाहून निघणार असाल तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. जहाज तेथेच परतत असल्याने पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना, हेही पाहावे.

एवढे सारे करून हाती काय येते? एका घरात राहूनही आजकाल तीन पिढ्या एका वेळी जेवायला बसत नाहीत. शाळा, शिकवणी, कारखान्याची पाळी, आजीची मालिका, प्रत्येकाचे घड्याळ निराळे. जहाजावरच्या तीन रात्री तीन जेवणे एकत्र होतात आणि त्या वेळी कोणाचाही फोन वाजत नाही. आजोबांचे गुडघे आणि नातवाची हौस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येण्याचा काळ फार थोडा असतो.

गांधीजींच्या त्या स्नानाचा निर्णय त्यांच्या भावाने घेतला होता. आपल्या घरांतही सहलीचे निर्णय मधली पिढी घेते आणि वडीलधाऱ्यांना तारीख कळवते. यंदा पैसे भरण्यापूर्वी एवढे करावे : आजीशेजारी बसून विचारावे, ‘तुला यायचंय का?’ आणि उत्तर ऐकून घ्यावे. ते ‘नाही’ असेल, तर कारणही.