रोग बॅटरीला, औषध ईसीयूला

येत्या २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल २०२२ मध्ये याच दिवशी सुरू केलं, त्यामुळे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा पुन्हा निघाली आहे. मोबाइल आणि वॉशिंग मशीनवर बरंच लिहून झालंय. गाडीमालकाच्या खिशाला मोठी कात्री लावणारी एक गोष्ट मात्र त्यात येतच नाही. गाडी साध्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी आत जाते, प्रोग्रामिंग अर्ध्यावर अडकतं, गाडी सुरू होत नाही आणि काउंटरवरून निरोप येतो : ईसीयू गेला, नवीन टाकावा लागेल.

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. कितीतरी वेळा तो गेलेला नसतो.

फ्लॅश करताना, म्हणजे नवा प्रोग्रॅम चढवताना, ईसीयूमधला जुना प्रोग्रॅम आधी पुसला जातो. मग नवा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी लिहिला जातो आणि शेवटी त्याची पडताळणी होते. हे सगळं करून घेणारा छोटा बूटलोडर मेमरीच्या वेगळ्या, राखीव भागात असतो आणि एरवी त्याला हात लागत नाही. म्हणून मध्येच काम थांबलं तर इंजिन चालवणारा प्रोग्रॅम नसतो, पण बूटलोडर जागा असतो. गाडी मेल्यासारखी दिसते. स्कॅनरला कधी ईसीयूची नीट ओळखही पटत नाही. तरी तीच फाइल पुन्हा चढवण्याची वाट बहुधा उघडी असते.

मग अडतं कुठे? माझ्या मते पहिला संशय नेहमी व्होल्टेजवर घ्यावा. फ्लॅशिंगच्या वेळी इग्निशन चालू, इंजिन बंद. म्हणजे अल्टरनेटरची मदत शून्य. त्यात इंजिनचा ईसीयू कामात गुंतला की अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा आपोआप पूर्ण वेगाने फिरू लागतो. बॉनेटजवळ उभं राहिलं तर तो घोंगावणारा आवाज सहज ऐकू येतो, आणि त्याच वेळी बॅटरीवर लावलेल्या मल्टिमीटरचा आकडा घसरताना दिसतो. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. जुनी बॅटरी या भाराखाली बघता बघता १२ च्या खाली येते. साधा चार्जर जोडून भागत नाही, कारण त्याचा पुरवठा स्थिर नसतो. १३ ते १३.५ व्होल्ट स्थिर धरून ठेवणारा प्रोग्रामिंगसाठीचा पॉवर सप्लायच लागतो. आपल्याकडे दुपारी वीज जाते, म्हणून तो इन्व्हर्टरवर हवा. लॅपटॉपही चार्जरला लावलेला, स्लीप मोड बंद केलेला हवा.

ईसीयू काय दुखतंय ते बहुधा स्वतःच सांगतो. निदानाच्या आयएसओ १४२२९ या मानकात नकाराचे कोड ठरलेले आहेत. ९३ म्हणजे व्होल्टेज कमी. २२ म्हणजे परिस्थिती योग्य नाही, उदाहरणार्थ इंजिन चालू राहिलंय. ३५ म्हणजे सुरक्षेची किल्ली चुकली. ३६ म्हणजे प्रयत्नांची मर्यादा संपली. मग ३७ येतो, आणि ठरलेला वेळ थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे घाईघाईने पुन्हापुन्हा बटण दाबून काही साधत नाही. ७८ हा तर नकारच नाही. ‘काम चालू आहे, थांबा’ एवढंच तो सांगतो. त्याला एरर समजून केबल ओढणारा कारागीर चालू काम स्वतःच्या हाताने मोडतो.

कोडच येत नसेल तर वायरिंगकडे वळावं. बॅटरी सोडवून, स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला, तर अनेक गाड्यांत सुमारे ६० ओम यायला हवा, कारण ईसीयूंना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आला तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. मात्र हे फ्लॅशिंगआधी तपासायचं. काम अर्ध्यावर असताना बॅटरी काढणं टाळावं. सॉकेटला लावलेला जीपीएस ट्रॅकर आधी काढावा. फाइल चढवण्याआधी हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर जुळवावेत. भंगार बाजारातला ईसीयू बसवूनही गाडी सुरू होत नाही, तेव्हा बरेचदा त्याची चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशी ओळखच करून दिलेली नसते.

हे ज्ञान गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचत नाही याचं दुःख जास्त आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कारकंपन्यांना २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि सुटे भाग व निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजनाही द्या, असा आदेश दिला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आजही प्रोग्रामिंगची फाइल आणि सुरक्षेची किल्ली प्रामुख्याने कंपनीच्याच हातात आहे. चोरी रोखण्यासाठी किल्लीवर बंधन हवं, हे मान्य. पण नकाराच्या कोडचा अर्थ आणि फ्लॅशिंगची योग्य पद्धत लपवण्यात कोणाचीही सुरक्षा नाही. ही माहिती उघड करण्याची सक्ती झाली पाहिजे.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. ईसीयू बदलायला होकार देण्याआधी आलेल्या कोडची प्रिंट मागा, प्रोग्रामिंगच्या वेळी व्होल्टेज किती होतं ते विचारा, स्थिर पुरवठा लावून एकदा पुन्हा प्रयत्न करायला सांगा. तरीही बदलावाच लागला, तर जुना ईसीयू ताब्यात घेतल्याशिवाय बिल चुकतं करू नका.