निर्दोष फाइल ‘व्हायरस’ ठरते तेव्हा
२१ एप्रिल २०१० रोजी मॅकॲफी अँटीव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही मूळ फाइलच व्हायरस ठरवली. अनेक देशांतले संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले, नेटवर्क तुटले. अँटीव्हायरसला प्रोग्रॅमचा हेतू कळत नाही. तो मुख्यतः ज्ञात व्हायरसशी असलेले साम्य तपासतो. साम्याचा हा निकष सैल झाला की निर्दोष सॉफ्टवेअरही अडकते. नव्या व्हायरसपुढे अपडेटला उशीर परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइलींवर आधी चाचणी घेणे आणि अपडेट टप्प्याटप्प्याने पाठवणे अशक्य नाही. खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेला माणूस अँटीव्हायरसच बंद करतो; म्हणून अचूकता हा सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.