सोळाने गुणलेला दिवस

पहाटे 5:10
दार वाजवायच्या आधीच उघडलं. गवंड्याची बायको चूल पेटवून बसली होती. "मॅडम, एवढ्या अंधारात कशाला आलात? आम्ही सांगितलं असतं की फोनवर." सांगितलं होतंच. माझ्या कच्च्या मसुद्यात तेच वाक्य आहे: ‘जाब देणारीच्या पतीस सर्व दैनंदिन कामांसाठी मदत लागते.’ मोटार अपघात न्यायाधिकरणासमोरच्या शपथपत्रात हे वाक्य इतकं झिजलंय की वाचताना न्यायाधीशांची नजर त्यावर ठरत नाही. म्हणून वही आणि घड्याळ घेऊन आले. आज अकराला हिचं शपथपत्र दाखल करायचं आणि लगेच उलटतपास.

5:30
आधी त्याला कुशीवर वळवलं. मग मोबाइलची बॅटरी लावून तिने माकडहाड, दोन्ही खुबे आणि टाचा पाहिल्या. लाल डाग दिसला की ती बोटाने दाबते. दाब काढल्यावर कातडी पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर त्या बाजूवर दिवसभर झोपवायचं नाही. डाव्या टाचेवर रुपयाएवढी जुनी खूण आहे. ती जखम भरायला चार महिने लागले, आणि ती झाली हे त्याला कळलंच नव्हतं. चादरीला डाग लागला तेव्हा हिला कळलं.

मार छातीच्या मणक्याला, दहाव्याला. बेंबीखाली काही कळत नाही, हात मात्र पूर्वीसारखेच भक्कम. गळीत हंगामातली रात्र होती. उसाची भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. कामावरून परतताना याची मोटारसायकल तिच्यात घुसली. तेव्हा वय 32.

5:50
पायांचा व्यायाम, 25 मिनिटं. गुडघा दुमडला की पाय झटके मारतो. नवीन पाहुण्याला वाटतं पाय परत आले. त्यालाही सुरुवातीला वाटलं होतं, म्हणाला.

लघवीची नळी तो स्वतः घालतो, दर चार तासांनी. मुंबईला हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत शिकला. ती फक्त साबण-पाणी आणि जेली हाताशी देते. हे मी वहीत आधी लिहिलं. जे अशील स्वतः करतो ते शपथपत्रात पहिल्यांदा यावं, नाहीतर उलटतपासात तेच बाहेर निघतं आणि मागचं सगळं खोटं वाटायला लागतं. वकिली शिकवणारे हे शिकवत नाहीत. मी दोन दावे पातळ करून घेतल्यावर शिकले.

6:20 ते 8:15
आज शौचाचा दिवस. एक दिवसाआड असतो. हातमोजा, गोळी आत सरकवायची, वाट पाहायची, मग पोट चोळायचं. मी ओसरीवर जाऊन बसले. सासूबाई चहा देताना म्हणाल्या, "पोरगं असताना केलं तेच आता सून करतीया." यापुढे त्या बोलल्या नाहीत, मीही नाही.

आंघोळ, कपडे, मग फळीवरून चाकाच्या खुर्चीत. या शेवटच्या कामाला दोन माणसं लागतात, दुसरं माणूस म्हणजे सासूबाई, त्यांचं वय 61. वहीत सकाळचे झाले पावणेतीन तास.

8:30
एसटीत बेरीज केली. दुपारी खुर्चीतून खाली, संध्याकाळी परत वर, रात्री अकरा, दोन आणि पाच या तीन गजरांना कूस बदलणं. सगळं मिळून साडेसहा तास. जरा हिरमुसलेच. मनातून मला बारा हवे होते. हिच्या बाजूने लढताना हिच्या कामाचे तास जास्त भरावेत असं मलाच वाटत होतं, हे कबूल करते.

मग तेच आकडे तासाच्या पट्टीवर मांडले आणि दिसलं की दिवसात सलग तीन तास कुठेच मोकळे नाहीत. साडेसहा तास आहेत खरे, पण ते दिवसभर विखुरलेत. माणूस सकाळी नऊला कामावर जाऊन पाचला परत येईल अशी फटच राहत नाही. शपथपत्राचा पाचवा परिच्छेद एसटीतच पुन्हा लिहिला, तक्ता करून.

9:45
ऑफिसात टायपिंग चालू असताना हिशेब पुन्हा तपासला. उत्पन्न महिना 15,000 धरलं. ठेकेदार हजेरीची वही घेऊन साक्षीला येऊन गेला आहे. वर्षाचे 1,80,000. वय चाळिशीच्या आत आणि काम स्वतःचं, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के: 2,52,000. प्रणय सेठी निकालाने, 2017 साली, हे ठरलं. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्यात 31 ते 35 वयाला गुणक 16. म्हणजे 40,32,000. मृत्यूच्या दाव्यात मयताचा स्वतःचा खर्च वजा होतो, इथे होत नाही. माणूस जिवंत आहे, जेवतो.

यात दवाखान्याची बिलं, वेदना, पुढचा औषधोपचार अजून धरलेला नाही. आणि मदतनीस. ‘काजल’ प्रकरणात, 2020 साली, सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांच्या मुलीसाठी बारा-बारा तासांचे दोन मदतनीस धरले, प्रत्येकी महिना 5,000, आणि त्या रकमेलाही गुणक लावला: 21,60,000. त्याआधी या सदराखाली पन्नास हजार, लाख अशी ठोक रक्कम टाकून मोकळं व्हायची सवय होती. मी महिना 10,000 मागितले आहेत. वर्षाचे करून सोळाने गुणले की 19,20,000.

12:20
पुकारा झाला. विमा कंपनीचे वकील जुने, अभ्यासू, आवाज कधीच चढवत नाहीत. त्यांचा बचाव तीन पायांवर उभा आहे: विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि उभ्या वाहनाला मागून धडकणाऱ्याची काहीच चूक नाही का? तिसरा पाय मला जड जातो. हेल्मेटचं उत्तर सोपं आहे, मार डोक्याला नाही. घटनास्थळ पंचनाम्यात ट्रॉलीला मागे दिवा नसल्याचं एक वाक्य आहे, त्या एका वाक्यावर माझी भिस्त आहे. पंचनामा करणाऱ्या हवालदाराला त्याची किंमत ठाऊक नसेल.

"तुम्ही यांच्या पत्नी आहात?"
"होय."
"नवऱ्याची सेवा करायला तुम्ही पगार घेत नाही?"
"न्हाई."
"तुमच्याच तक्त्याप्रमाणे काम साडेसहा तासांचं. उरलेला वेळ मोकळा असतो, असं म्हणणं बरोबर?"

ती थोडी थांबली. "आधी मी रोपवाटिकेत जायचे. तीनशे हजेरी होती. नऊला जायचं, पाचला सुटायचं. आता या कागदात तुम्हीच बघा, नऊला जाऊन पाचला येता येतंय का."

न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलं: "मी पूर्वी रोपवाटिकेत मजुरी करत होते." पूर्णविराम. मी उठले, म्हटलं, साहेब, साक्षीदाराने काम का सुटलं तेही सांगितलंय. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि जोडलं: "पतीच्या देखभालीमुळे मला मजुरी सोडावी लागली." पुढची ओळ नेहमीची: "हे म्हणणे खरे नाही की, मी भरपाई वाढवण्यासाठी खोटी साक्ष देत आहे." हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दाव्यात असतं, पण ती मात्र ते ऐकून दुखावली.

2:45
डॉक्टर ठरल्या वेळी आले आणि ठरल्या वेळी आत गेले. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की डॉक्टरांना ताटकळत ठेवू नका. दाखल्यात कायमचं अपंगत्व 80 टक्के. विमावाल्यांचा प्रश्न: रुग्ण बसून काम करू शकतो? "करू शकतो." फेरतपासात मी एवढंच विचारलं, परातीवर चढून वीट रचू शकतो का? डॉक्टर हसले, "परातीवर नाही, परांचीवर म्हणायचंय तुम्हाला. नाही." कोर्ट हसलं. मी लाजले, पण उत्तर कागदावर आलं. त्याच निकालात उदाहरण आहे: डावा हात गेलेला सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून. दाखल्यावरचा टक्का एकच, बुडालेली कमाई निराळी. गवंड्याचे 80 म्हणजे 100, हे मला युक्तिवादात सांगायचंय.

4:10
कॅन्टीनमध्ये विमा कंपनीचे वकील चहा घेऊन समोर बसले. "ताई, लोकअदालतीत पंचविसाला मिटवू. नाहीतर निकाल, मग आम्ही हायकोर्टात. तिथे किती वर्षं जातील ते तुम्ही जाणता." ही धमकी नव्हती, माहितीच होती. अर्ज केल्यापासून व्याज मिळतं, पण व्याजाने टाचेची जखम भरत नाही. पंचवीस लाख कमी आहेत असं माझं मत. पण दोनला आणि पाचला मी उठत नाही.

5:30
दारात एक म्हातारे उभे. मुलगा डंपरखाली आला, मणक्याला मार, होऊन आठ महिने झाले. कुणीतरी सांगितलं, आधी बरं होऊ दे. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. तिला आव्हान दिलेलं आहे. त्यांना वाद समजावत बसले नाही. एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, उद्या सकाळी, एवढंच सांगितलं.

8:40
गवंड्याच्या बायकोला फोन केला. पंचविसाचं सांगितलं, माझं मतही सांगितलं, आणि हायकोर्टाचंही. तिने विचारलं, "सगळे हातात देत्यात का?" नाही, मोठा भाग बहुतेक मुदतठेवीत ठेवायला लावतात, व्याज खात्यावर येतं. बराच वेळ पलीकडून भांड्यांचा आवाज येत राहिला.

"परवापर्यंत सांगितलं तर चालेल," मी म्हटलं. "दोघं निवांत बसून ठरवा."

"निवांत व्हय," ती म्हणाली. "रात्री दोनला बोलू. तवा दोघंबी जागंच असतो."