मेणाची समज

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पण जुन्या अमेरिकन मोटारींतल्या एका बोटभर झडपेचे मला फार कौतुक वाटते.

अमेरिकेत १९७० साली हवाशुद्धीचा कडक कायदा झाला. नायट्रोजनचे घातक वायू कमी व्हावेत म्हणून जळालेल्या धुराचा थोडा अंश पुन्हा इंजिनात सोडण्याची युक्ती रूढ झाली. त्याने ज्वलनाची आच उतरते. पण थंड इंजिनाला तो धूर सोसत नाही. मग सोडायचा केव्हा?

ते ही झडप ठरवी. तिचे टोक इंजिन निववणाऱ्या पाण्यात असे, अन् पुष्कळदा पोटात मेणाची गोळी. पाणी तापले की मेण वितळून फुगे व दट्ट्या सरकवी. मग कार्ब्युरेटरजवळच्या निर्वाताची ओढ रबरी नळीतून धुराच्या दारापर्यंत पोचे आणि ते उघडे. ना वीज, ना संगणक!

झडप उघडी अडकली, तर थंड गाडी ठसके आणि मालक लगेच मेकॅनिककडे धावे. बंद अडकली, तर गाडी बहुधा विनातक्रार चाले. भोगावे लागे ते रस्त्यावरच्यांना. पुढे तिचे काम संगणकाकडे गेले. पण स्वतःला न टोचणारा बिघाड ओळखणारी झडप माणसाने मनातच बसवून घ्यायला हवी.