धाग्यात मुरणारा वायू

भिवंडीच्या यंत्रमागांवर चढणारा आणि वळच्या गोदामांतून दूरदूर जाणारा कृत्रिम माल आपल्या नित्य पाहण्यातला आहे. पण तो धागा जन्मतो कसा? पॉलिएस्टरचे दाणे सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतात. तो पाक बारीक छिद्रांतून ओढला की धागा होतो. स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिकचे तसे नाही. ते वितळण्यापूर्वीच करपते. म्हणून ते डायमिथिल फॉर्मामाइडसारख्या द्रावकात विरघळवून कातावे लागते. हा द्रावक श्वासावाटे व कातडीतूनही अंगात शिरतो आणि यकृताला अपाय करतो. स्वेटर घालणाऱ्यास याचा पत्ता नसतो. कातणाऱ्यास मात्र पाळीभर त्याच्याजवळ उभे राहावे लागते.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला एक उपाय म्हणजे आपल्या सोडावॉटरमधला कार्बन डायऑक्साइड. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता. दाबाखाली हा वायू त्यात मुरवला की त्याचे चिमुकले रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतात. जे काम एरवी आचेने करावयाचे, त्यातले बरेचसे वायूच करतो. १०० अंशांच्या आसपास मऊ होणारे पॉलिस्टायरीन अशा वायूत ५० अंशांच्याही खाली मऊ पडते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात या शतकाच्या पहिल्या दशकात अ‍ॅक्रिलिकच्या जातीच्या पॉलिमरवर हाच प्रयोग झाला. तेथे वितळलेल्या मालाचा चिकटपणा निम्म्याहून अधिक उतरला. म्हणजे करपण्याच्या आत, द्रावकावाचून, धागा काढण्याची वाट दिसली.

अडचणही सोड्याच्या बाटलीचीच आहे. झाकण उघडताच फेस येतो. तसा दाब एकदम उतरला तर धाग्यात बुडबुडे धरतात. म्हणून धागा दाबाच्या कोठीतच काढून दाब हळूहळू उतरवावा लागतो. फेसच हवा असेल तेथे मात्र हा दोष गुण ठरतो. पॉलिस्टायरीनचे हलके तक्ते या वायूने फुगवतात.

वायू शेवटी उडून जातो, मालात राहत नाही. पण तो जातो कोठे, हे कामगाराने विचारलेच पाहिजे. हवेच्या दीडपट जड असल्याने तो खड्ड्यांत व तळघरांत साचतो आणि माणसाला गुदमरवतो. आठ तासांच्या पाळीसाठी हवेत अर्धा टक्का, ही त्याची मर्यादा अनेक देश मानतात. तेव्हा नवे यंत्र येईल त्या दिवशी आम्ही त्याला विरोध करणार नाही. दाबाच्या टाकीची तपासणी, वायू बाहेर नेणारे पंखे आणि हवा मोजणारे यंत्र, एवढे मात्र त्याच दिवशी मागू. द्रावक गेला त्याचा आनंद आहेच; त्याच्या जागी गुदमर येता कामा नये.