घर एक, भाव तीन

नीरा-नरसिंहपूर म्हणजे पुणे जिल्ह्याचं टोक. इथे नीरा भीमेला मिळते, आणि नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. समजा, या गावचा एक पोरगा मिलिटरीत आहे. नवा शिपाई, मूळ वेतन 21,700 रुपये, पोस्टिंग अशा फील्ड भागात की बायकोमुलांना नेता येत नाही. तर कुटुंब पुण्यात राहिलं, तर घरभाडे भत्ता 6,510 रुपये. सोलापूर शहरात राहिलं तर 4,340. नरसिंहपुरातच राहिलं तर 2,170. माणूस तोच, पहारा तोच, पण घर कुठे आहे त्यावर हिशेब तिप्पट होतो किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

याचं कारण माणसांच्या मोजणीत आहे. केंद्र सरकारने गावाशहरांचे तीन वर्ग पाडले आहेत. 50 लाखांवर वस्तीची शहरं एक्स, 5 ते 50 लाखांची वाय, उरलेलं सगळं झेड. 1 जानेवारी 2024 पासून त्यांचे दर मूळ वेतनाच्या 30, 20 आणि 10 टक्के आहेत. सोलापूर वायमध्ये बसतं. पुण्याची कथा जास्त मजेची. 2011 च्या जनगणनेत पुणे आणि लगतच्या नागरी पट्ट्याने 50 लाखांची रेषा जेमतेम ओलांडली, आणि 2015 साली पुणे मुंबई-दिल्लीच्या पंगतीला गेलं. दारोदार फिरलेल्या प्रगणकांच्या बेरजेमुळे शेकडो मैलांवरच्या जवानांची पगारपत्रकं बदलली! पण मान मिळाला तो शहराला, जिल्ह्याला नाही. म्हणून पत्त्यात ‘जिल्हा पुणे’ असूनही नरसिंहपूर झेडमध्येच राहतं, नदीपलीकडच्या माळशिरस तालुक्यातल्या गावांसारखं.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. या सगळ्यात प्रत्यक्ष भाडं किती, हे कुणी विचारतच नाही. अमेरिकेत उलटी रीत आहे: तिथे प्रत्येक भागातली भाडी दरवर्षी तपासतात आणि त्यावरून सैनिकाच्या हुद्द्याप्रमाणे रक्कम ठरवतात. आपल्याकडे रक्कम मूळ वेतनाला बांधलेली, आणि तिचे दर महागाई भत्त्याला. 2017 मध्ये सुरुवात 24, 16 आणि 8 टक्क्यांनी झाली. महागाई भत्ता 25 टक्क्यांच्या पुढे गेल्यावर ते 27, 18, 9 झाले आणि तो 50 टक्क्यांवर पोचल्यावर आजचे. सुरुवातीला खालच्या पगारांसाठी तळही आखून दिला होता. 21,700 चे 8 टक्के 1,736 होतात, पण झेडमध्ये 1,800 पेक्षा कमी द्यायचे नाहीत असं ठरलं. म्हणजे नरसिंहपूरच्या आपल्या शिपायाला महिन्याला 64 रुपये जास्त.

एक बारकावा मात्र मला खटकतो. जवानाला मूळ वेतनाशिवाय दरमहा 5,200 रुपये मिलिटरी सर्व्हिस पे मिळतो, सैनिकी जगण्याच्या खडतरपणाबद्दल. घरापासून लांब राहणं हा त्या खडतरपणाचाच भाग. पण घरभाड्याची टक्केवारी काढताना ही रक्कम धरत नाहीत.

आणि 2017 पूर्वीचा प्रकार तर याहून विचित्र होता. अधिकाऱ्यांच्या खालच्या जवानांना घराची भरपाई मिळे ती मंजूर विवाहितांच्या संख्येपुरती. युनिटमध्ये किती जण ‘विवाहित’ धरायचे याला मर्यादा होती, लग्नं प्रत्यक्षात कितीही होवोत. सातव्या वेतन आयोगाने ही अट काढायला सांगितली आणि सरकारने ते मानलं.

सैनिकाच्या निवाऱ्याचा विचार आपल्याकडे काही आजचा नाही. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त सांगितली आहे. पावसाळ्यात फौज मुलखात छावणीला यायची, तेव्हा दाणा, औषधं आणि माणसांघोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरं आधीच तयार असायची. दसऱ्याला फौज पुन्हा मोहिमेवर. तेव्हा निवारा पैशांत मोजला जात नव्हता, तो बांधूनच मिळायचा. आज फॅमिली क्वार्टर मिळालं तर तीच रीत पुढे चालते आणि भत्ता थांबतो. क्वार्टर नसेल तिथेच रुपयांचा हिशेब सुरू होतो.

हा हिशेब होतो कुठे? साऱ्या देशातल्या लष्करी अधिकाऱ्यांचे पगार निघतात पुण्यातून, गोळीबार मैदानाजवळच्या संरक्षण लेखा कार्यालयातून. जवानांचं खातं त्यांच्या रेजिमेंटच्या केंद्राशी जोडलेलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. लग्न झालं, मूल झालं, क्वार्टर सोडलं, की युनिटमधून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते, आणि ती नोंद चढल्याशिवाय हक्काचा पैसाही हलत नाही. म्हणून नरसिंहपुरात लक्ष्मी-नृसिंहाच्या साक्षीने लग्न लावून पोरगा ड्युटीवर परतला, की घरच्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारावा: पार्ट टू निघाली का?