तहानलेली हवा, उपाशी झाड

झाड सुकलं की आपण मातीतला ओलावा बघतो. सूचिपर्णी वृक्षांविषयीचं संशोधन वाचताना मला हवेचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटू लागला.

वाफेने पूर्ण भरलेल्या हवेत २० अंश सेल्सिअसला बाष्पदाब सुमारे २.३ किलोपास्कल असतो. ३० अंशांना ४.२. दोन्ही वेळी सापेक्ष आर्द्रता ५० टक्केच धरली, तरी बाष्पाची तूट १.२ वरून २.१ वर जाते. आर्द्रतेचा आकडा तोच, पण हवेची तहान जवळजवळ दुप्पट! ही हवा सुईसारख्या पानांतून पाणी ओढते.

पाणी जातं पर्णरंध्रांतून आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो तोही तिथूनच. पाणी वाचवायला रंध्रं मिटली की प्रकाशसंश्लेषण मंदावतं. श्वसन मात्र चालूच राहतं. कमाई घटते, साठवलेली साखर खर्च होत जाते.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत पिन्यन पाइन आणि जुनिपर शेजारी वाढतात. पाइन रंध्रं लवकर मिटतो. जुनिपर ती बराच काळ उघडी ठेवतो. त्याच्या जलवाहिन्या बुडबुड्यांनी सहज तुंबत नाहीत. २००२-०३च्या उष्ण दुष्काळात अशक्त पाइनना सालीखालच्या भुंगेऱ्यांनी गाठलं आणि ते मोठ्या संख्येने मेले. जुनिपर बरेचसे तगले.

पाऊस पूर्वीइतकाच पडला, तरी तापलेली हवा झाडाला उपाशी ठेवू शकते. जंगलाची प्रकृती जोखताना पर्जन्यमापकाशेजारी तापमापक आणि आर्द्रतामापकही हवा, असं मी म्हणतो ते यासाठीच.